चार्ज देताना

या मॅडम, बसा. खुर्ची डुगडुगते, मागे रेलू नका.
ही किल्ली बुटांच्या खोलीची, ही पंपाची,
आणि ही कशाची
ते चौतीस वर्षांत मलाही कळलं नाही.
तरी जुडग्यात असू द्या.

कूलर एप्रिल लागला की बसवायचा,
वाळ्याच्या ताट्या इतवारीतून, घासाघीस करून.
मैदानाला पाणी पहाटे चारला.
ऊन चढल्यावर मारलंत
तर गवत पालकासारखं शिजतं.

तुमच्या लॅपटॉपात बाकी सगळं आलंच असेल:
तिकिटं, करार,
कुणाच्या कुठल्या गुडघ्यात काय.
आलं नसेल ते सांगतो.

शुक्रवारचा सराव चारच्या आधी लावू नका,
कामठीचे पोट्टे नमाज आटोपून बस पकडतात.
मोहननगरवाल्यांना रविवारी सकाळी शोधू नका.
जरीपटक्याचे हेमनदासशेठ
पापडाचं नाव छातीवर मागतील.
पाठीवर द्या.
पैसे छातीचेच घ्या.

मी राइट बॅक होतो.
हे कुणी सांगितलं नसेल.
उंची बेताची, दम बरा, उजवा पाय भरवशाचा.
तेव्हा क्लबची कंपनी झाली नव्हती,
मोतीबाग यंग्स म्हणायचे, जर्सी घरीच धुवायची.
सेक्रेटरी घोषालबाबू, रेल्वेतून रिटायर्ड.
मे महिना, पारा सेहेचाळीस,
त्यांनी मला वर बोलावलं:
कॉमर्सवाला ना तू? टायपिंग येतं? दोन कार्बन लाव.

"पुढील हंगामासाठी खालील खेळाडूंची
आवश्यकता नाही."
एक. दोन. बाबू सांगत होते, मी बडवत होतो,
घाम मनगटावरून थेट कळांवर.
सातवं नाव माझं.

त्या मशीनचा रकार अडकायचा
आणि आमचं आडनाव खोब्रागडे.
मी तो नखाने सोडवला
आणि आठव्यावर गेलो.

बाबूंनी कागद खिडकीशी धरला.
साफ आहे, म्हणाले. सोमवारपासून ये.
कशासाठी ये
ते जिना उतरताना कळलं.

मग क्लार्क, मग सेक्रेटरी, मग जनरल मॅनेजर,
दारावर पितळेची पाटी.
आई एकदा आली तेव्हा तिने ती
पदराने पुसली, पुसलेलीच होती तरी.
मुंबईच्या बैठकांना विमानाने गेलो,
तिथे खेळाडूला 'ॲसेट' म्हणतात.
मीही म्हणालो. जिभेला सवय होते.

अशी एकशे बारा पत्रं दिली.
पोस्टाने एकही नाही.
टेका नाका, सदर, गोधनी, एक तर पार काटोलला.
आई असते घरी, बहुतेक वेळा.
साहेब आले म्हणून पोहे करते, वर तर्री,
आणि चमचा शोधायला शेजारी जाते.
खाण्याआधी सांगायचं की खाल्ल्यावर?
दोन्ही करून पाहिलं.
तुम्हाला उत्तर सापडलं तर कळवा.

रिझवान म्हणून विंगर होता,
धावायचा म्हणजे बाप्पा, कडेची चुन्याची रेघ उडायची.
पत्र वाचलं, घडी घातली, विचारलं,
"साहेब, बूट परत करायचे का?"

रजिस्टरात बघा, पान एकेचाळीस:
'बूट, एक जोड, हरवले.'
पुढेही बरेच हरवलेले आहेत.
ऑडिटवाला दरवर्षी हसतो आणि सही करतो.
तुमच्या वेळी कदाचित हसणार नाही.

यंदाची यादी खालच्या खणात आहे.
सहा नावं. मी सही केलेली नाही.
मुद्दाम नाही,
म्हणजे, मुद्दामच.

असो. चला, पंप दाखवतो.
मोटर घरघरते पण पाणी उचलत नाही,
तिला एक लाथ लागते.
बुटाच्या टोकाने नाही हो, पत्रा चेपलाय बघा.
पायाच्या आतल्या बाजूने, हलकेच,
जवळच्या गड्याला पास द्यावा तशी.
सरका जरा.
हे असं.