उघाडी

मंगळवार आणि शुक्रवार माझे.
एरवी ही खोली खेळाच्या सामानाची:
लेझीम, फाटकी गादी, हवा गेलेले तीन फुटबॉल
आणि कडी न लागणारं दार.

कृपेश मढवी, आठवी क, दिवा गावठाण, ऐरोली.
आंबवणे सरांची चिठ्ठी: ‘बाक फेकला. कारण सांगत नाही.’
केस बोटाच्या पेरापेक्षा कमी.
मला वाटलं, फॅशन.

तो गादीतला स्पंज उपटत बसतो.
काय झालं?
‘काही नाही.’
या दोन शब्दांनी माझ्या चार वह्या भरल्यात.
मुलं खाली बघून म्हणतात, मुली खिडकीकडे,
आणि माझी स्वतःची लेक
मोबाईलच्या मागून.

मी तक्ता काढते. बारा पिवळे चेहरे,
प्रत्येकाखाली एक शब्द.
त्याचं बोट ‘राग’वर, सगळ्यांचंच जातं तिथे,
कोपऱ्यातला पहिला आहे म्हणून.
मग तो बाकीचे वाचतो, ‘खंत’चं ‘खत’ करतो,
स्वतःच हसतो, थांबतो.
यातलं काहीच नसेल तर?
‘कसंतरीच.’
कुठे?
छातीवर नाही. हात मानेमागे जातो.

‘मिस, आज तिथी काय?’
मला कुठली माहीत. फोनमध्ये बघते. नवमी.
‘मग भांग हाय. पानी येतंय न येतंय.
त्या दिवशी उधाण होतं.’
खाडीला?
‘नाय. मला.’

आणि मग तो बोलतो, माझ्याशी नाही, गादीशी:
आजाच्या खाजणाला बांध,
बांधाला उघाडी, लाकडी झाप.
भरती आली की आपोआप मिटते,
ओहोटीला आपोआप उघडते,
कोणी ढकलायला लागत नाही.
पण गाळ बसला तर झाप हलत नाही,
आतलं पाणी आतच,
आणि एका रात्री बांधाला खांड.

गाळ कोण काढतं?
‘आजा उतरायचा. कमरेपर्यंत.’
आता?

बाहेर पीटीच्या तासाची शिट्टी.
कोणीतरी नाव पुकारतं, ते त्याचं नसतं.

‘घटक चाचणीच्या आधी गेला.
डोकं काढलं माझं.
वर्गात सगळे मागून टपली मारत होते.
एक, दोन, मोजून.
नववी टपली झाली.’

मला कोणी सांगितलं नव्हतं.
मी विचारलंही नव्हतं; मी तक्ता काढला होता.
तो गुंडाळायला घेते, तर टोक सुटून परत उलगडतो,
आणि आम्ही दोघंही त्याला तसाच राहू देतो.
किती वेळ, ते वहीत लिहिलेलं नाही.
त्याच्या नाकातून पाणी येतं. मी रुमाल देत नाही,
त्याच्याकडे बाही आहे.

रजिस्टरमध्ये ‘भावना’चा रकाना कोरा.
पुढची भेट: शुक्रवार, तिथी बघून घेणे.
आंबवणे सरांना काय सांगू रे?

दारात थांबून तो विचार करतो, खरोखरीचा.
‘सांगा, बाक जड होता.’