दहा नंबरची गोटी

हडर्सफील्डमधला आमचा रस्ता असा उताराचा
की हातातून बटाटा निसटला तर कालव्यातच शोधावा.
सपाट जागा एकच, एग्बर्टच्या दारापुढे.
शनिवारी सकाळी तिथे मायक्रा लावली,
मागच्या चाकांना विटा दिल्या
आणि पुढची बाजू जॅकवर चढवली.

जॅक वाटणीत आलेला.
मोठी गाडी श्रीरंग घेऊन गेला,
हा जिन्याखाली राहिला. त्याचा विसरलेला, माझा झालेला.
"जॅकवर विश्वास ठेवायचा नसतो," एग्बर्ट म्हणाला,
आणि आतून दोन लोखंडी घोडे आणून दिले.

मायक्रा नंतरची. वीस वर्षांची, पारवी,
कुणा हेपवर्थ आजोबांच्या भाचीकडून घेतलेली.
सर्व्हिसच्या वहीत त्यांचं निळं, बारीक अक्षर:
तारीख, मैल, ऑइल, फिल्टर.
दर सहा महिन्यांनी, न चुकता.
शेवटच्या दोन नोंदी ओळ सोडून खाली घसरलेल्या.

मंगळवारी एमओटी.
गॅरेजवाला म्हणाला, तीनशे चाळीस पौंड,
तेही फोनकडे बघत.
मी बावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
गंजलेल्या स्टँडांचे स्क्रू सोडवलेत.
म्हटलं, बघू.

चाक निघालं. कॅलिपरचा खालचा बोल्ट निघेना.
तेल मारलं, थांबले, पुन्हा मारलं.
पान्यावर चक्क उभी राहिले, एकोणसाठ किलो.
बोल्टनं दखल घेतली नाही.
एग्बर्ट पायरीवर, नवा गुडघा लांब करून.
हयात बसडेपोत गेलेली.
"शिव्या देऊ नकोस त्याला. चहा दे."
म्हणजे मला चहा, बोल्टला वेळ.

दुपारी बॅटरीची पट्टी सोडवली
आणि दहा नंबरची गोटी हातातून सुटली.
टण्. टक्.
मग काहीच नाही. जमिनीवर पडल्याचा आवाजच नाही.
टॉर्च घातला, चुंबक घातलं, कोपरापर्यंत हात घातला
आणि सोलून बाहेर काढला.
लहानपणी भावाच्या सत्तावीस गोट्या जिंकले होते,
आईनं परत द्यायला लावल्या, पोरीच्या जातीला कशाला म्हणून.
तेव्हाही इतकी चिडले नव्हते.

रविवारी बोल्ट सुटला.
पहिल्याच झटक्याला, जणू कालचा तो नव्हेच.
नवे पॅड बसले. मग ऑइलसाठी पाठीवर सरकत खाली गेले,
एग्बर्टच्या रिंग पान्यानं इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं ताट सोडवलं.
ते तोंडावर झुकलं तशी
माती, पानं, दोन पेनींचं एक नाणं,
आणि घरंगळत आलेली एक गोटी
माझ्या गळ्याच्या खाचेत येऊन थांबली.

माझी नव्हे.
तपकिरी, ग्रीसनं तोंड भरलेली.
बाहीला पुसली. कडेला खिळ्यानं ओरखडलेलं: ए. एच.

किती वर्षं हिंडली असेल ही गाडीखाली लपून,
बाजारात, दवाखान्यात, भाचीकडे,
आणि तो माणूस शेडमध्ये डबे उलटेपालटे करत
बायकोला विचारत असेल, तू कुठे ठेवलीस का?

तिनंच बॅटरीची पट्टी आवळली.
माझी अजून सापडलेली नाही.

गाडी खाली उतरवली. आत बसून ब्रेक दाबला,
पाय थेट तळाला.
पोटात गोळाच आला.
"पुन्हा," एग्बर्ट पायरीवरून. "पुन्हा."
तिसऱ्यांदा पायाखाली कुणीतरी होतं.

रात्री वरणभात चमच्यानं खाल्ला,
नखांतलं काळं निघेना.
मग हेपवर्थांची वही काढली,
घसरलेल्या नोंदींच्या खाली लिहिलं
तारीख, मैल, ऑइल, फिल्टर, पुढचे पॅड.
आकडे आपोआप मराठीत पडले. पडू देत.
आणि त्याखाली:
दहाची गोटी, एक जमा.
एक येणे.