शाईनं खाल्लेली जागा

सुंदरराव सोकरजी धैर्यवान,
तुमच्या पत्रांची चौथी वही आज माझ्या टेबलावर आली.
बझारगेटच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर,
इथं आम्ही कागद जगवतो:
तांदळाची खळ, मऊ ब्रश,
आणि पान उलटताना पंखा बंद.

तुमची मोडी घाईची, वकिली.
हात न उचलता चाललेली,
शिरोरेघ आधी मारून ठेवलेली,
जशी रुळाची जागा आधी आखतात.

माहीमच्या खाडीकाठचे चारशे बारा माड
तुम्ही कंपनीतर्फे एका दुपारी कागदावर आडवे केलेत.
फळता माड, अमुक रुपये.
वांझ माड, निम्मे.
पुढं नळपट्टीवर तीन तास बोललात
(पाणी न पिता, असं तुम्हीच भावाला लिहिलंय),
मग कंपनीच्या बोर्डावर गेलात,
छापील यादीत सगळ्यात खाली तुमचं नाव,
घड्याळाच्या साखळीला फुकट प्रवासाचा बिल्ला,
आणि साहेबांकडे दर मे महिन्यात
पायरीच्या दोन करंड्या.

पान दोनशे बारा.
सटवी कोम धाकू भंडारी, राहणार माहीम, हिला उत्तर.
तिचा अर्ज माझ्याकडे नाही,
पण तुमच्या उत्तरातून ऐकू येतो:
माड वांझ नव्हता, साहेब.
मोजणीच्या आठवड्यात पोय आली नव्हती, एवढंच.

तुम्ही लिहिता, निकाल झाला आहे.
लिहिता, कायद्यात आठवडा बसत नाही.
मग, सबब मी स्वतःच्या पदरचे रुपये

आणि इथं भोक.

हिरडा-हिराकसाची शाई सावकाश जळते, सुंदरराव.
भरभर लिहिलेलं टिकतं.
जिथं बोरू थांबतो तिथं ती साचते
आणि दीडशे वर्षं कागद खात बसते.
तुम्ही किती वेळ थांबला होतात?

रोजकीर्द काढून पाहिली.
त्या महिन्यात घोड्याच्या नालांचा खर्च आहे,
बग्गीच्या रंगाचा आहे.
सटवी नाही.
पण रोजकीर्द कारकून लिहायचा,
आणि सगळंच कारकुनाला सांगतात असं नाही.
मी तुमची बाजू घेतेय की काय?

भोकात आम्ही आकडा भरत नाही. तसा नियम आहे.
मागून पातळ कागद लावायचा,
कडा आणखी ढासळू नयेत इतकंच.

उद्या पान दोनशे तेरा.
ते कंपनीला आहे, इंग्रजीत.
त्यावर एकही डाग नाही.