शून्य जोर

तपकीर गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात
मी कामाला लागले तेव्हा
जुन्या फोर-एट्टी-सिक्सच्या सॉकेटला दांडी नसायची.
दोन अंगठे ठेवायचे आणि दाबायचं.
बोर्ड पापडासारखा वाकायचा,
गफूरभाई तांबोळी पाठमोरे, डाग देता देता म्हणायचे,
"घोडके, श्वास धरू नको.
श्वास धरला की हाताला कळेनासं होतं."
आणि चिप काढायची तर चपटा पेचकस,
चारी बाजूंनी थोडा थोडा,
हलणारी दाढ काढावी तसा.

मग दांडीवाली आली.
करंगळीने उचला, चिप नुसती ठेवा,
ती आपल्या वजनाने खाली बसते,
दांडी आडवी, झालं.
माहितीपत्रकात लिहिलं होतं: शून्य जोर.
गफूरभाई म्हणाले, माझं लग्न जमवताना
मध्यस्थानं हेच सांगितलं होतं.

सॉकेट सेव्हन. तीनशे एकवीस भोकं.
दिलदार घर होतं ते.
इंटेल या, एएमडी या, सायरिक्स, तूही ये,
जम्पर तेवढा बघून बस.

त्याच घरात मी पोंक्ष्यांची चिप बसवत होते.
एकशे सहासष्टची पेंटियम,
नारायण पेठेतला छापखाना, लग्नसराई तोंडावर,
अडीचशे पत्रिका मशीनमध्ये अडकलेल्या.
खाचेचा कोपरा चुकला.
चुकला तर चिप खाली जात नाही, एवढंच;
पण अंगठ्यांत जुनी सवय राहिली होती.
मी दाबलं.

तीन पिना.
अप्पा बळवंत चौकातून अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिल आणली,
शिसं काढलं, पोकळ टोक पिनेवर चढवून
हळूच, हळूच.
दोन उभ्या राहिल्या.
तिसरी टेबलावर पडली,
कणीहून बारीक, पिवळीधमक.

गफूरभाईंनी भिंग लावलं, तक्ता उघडला,
काठापासून दुसरी रांग, खाचेकडून बोटाने मोजत गेले.
"अर्थची आहे. अशा पन्नासेक आहेत.
एक गेली, बाकीच्या वाटून घेतील."
बसवली. दांडी आडवी.
पडद्यावर मेमरी मोजली जाऊ लागली,
जणू काही झालंच नव्हतं.

पोंक्षे एम-एटीवरून आले, पैसे मोजून दिले,
मशीन मांडीत घट्ट धरायला मुलाला मागे बसवलं.
मी बोलले नाही.
गफूरभाई बोलले नाहीत.
चहा दोघांनीही गार करून प्यायला.

पुढचं सगळं भराभर.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात ना,
इथे घरच दर दोन वर्षांनी फिरायचं.
चिप कॅसेटसारखी उभी खोचायला लागलो,
त्या खोबणीत दुसऱ्या कुणाला थारा नाही.
मग ती परत आडवी झाली, तीनशे सत्तर.
मग चारशे अठ्ठ्याहत्तर.
दर वेळी गिऱ्हाईक विचारायचं, जुनी रॅम चालेल ना?
दर वेळी मी दाराकडे बघून नाही म्हणायचे.

आणि एक दिवस चिपच्या पोटाला पिनाच नव्हत्या.
सपाट, सोनेरी ठिपके नुसते.
पिना घरालाच उगवल्या होत्या, सातशे पंच्याहत्तर,
वाऱ्याने झुकलेल्या लव्हाळ्यासारख्या.
गफूरभाई भिंगातून खूप वेळ बघत राहिले.
"म्हणजे आता वाकली तर बोर्डाच्या माथी," म्हणाले,
आणि भिंग माझ्याकडे दिलं.
ते त्यांनी परत मागितलं नाही.
ईदनंतर शटरवर दुसऱ्याचं नाव होतं.

आता रविवारी मंगळवार पेठेत, जुन्या बाजारात,
पोत्यावर सिरॅमिकच्या चिपा वजनावर असतात.
गाळून सोनं काढणारे नेतात.
मी उकिडवी बसते.
एकशे सहासष्ट दिसली की उलटी करते,
खाच डाव्या हाताला घेते,
काठापासून दुसरी रांग.

आजवर सगळ्या भरलेल्या निघाल्या.

"ताई, सोनं सगळ्यांत सारखंच," पोतेवाला म्हणतो.
हो, म्हणते मी,
आणि पुढची उचलते.