मोजदाद

एकशे बारा पायऱ्या. मी रोज मोजते.
पायऱ्या निदान जागच्या हलत नाहीत.
खाली वाल्पाराईसोचं बंदर, वर आमचं निळ्या पत्र्याचं घर,
आणि मध्ये कुठेतरी
फाकुंदोचा डावा बूट.

संध्याकाळी टबात एकेकाला बुचकळते.
कान, मान, ढोपरं. चल, पुढचा!
कान, मान, ढोपरं. रडू नकोस, पुढचा!
चौथं डोकं पुसताना म्हटलं, सुटले बाई.
तेवढ्यात टेबलाखालून कुरूम कुरूम:
माझी एल्विरा, कोरडी ठणठणीत,
उद्याचा पाव खात बसलेली.

मग हे टॉवेलमधलं कोण?
"तू कोणाचा रे?"
"शेजारच्या ओदिलियाचा."
"मग बोलला का नाहीस?"
"पाणी छान गरम होतं."

ओदिलिया दारात आली, त्याच्याकडे बघून म्हणाली,
"आमचा इतका गोरा नाही."
तरी घेऊन गेली.

रात्री जमीन हलली.
फार नाही. फडताळातल्या बश्या
एकमेकींच्या कानात काहीतरी बोलल्या, तेवढंच.
एवढ्याशाला इथे कोणी कूस बदलत नाही.
पण पोरं आली. उशा, ओली चड्डी, एक चमचा
(चमचा का, ते विचारायचं नाही)
सगळं घेऊन माझ्या पांघरुणात.

अंधारात टाचा चाचपल्या.
आठ हव्यात. सहा, सात, आठ…
नऊ.
नववी खरखरीत, भेगाळलेली,
दिवसभर गोदीत उभी राहिलेली.

तीही धरून ठेवली.