उलटी अक्षरं

फिलाडेल्फिया. सप्टेंबर. छापखान्यात जवसाच्या तेलाचा वास.
क्वामिनो कातडी गोळ्यांनी खिळ्यांवर शाई थोपटतो.
मालक म्हणतो, याला अक्षरओळख नाही.
आहे. पण शिशातली, उलटी, उजवीकडून डावीकडे.
कागदावर उमटली की तीच अक्षरं त्याला परकी होतात.

आजचं काम घाईचं, राज्यघटनेचं.
'आम्ही लोक' एवढ्या ठसठशीत टायपात
की वर्षानुवर्षं पडून असलेला मोठा डब्ल्यू
धूळ झटकून बाहेर आला.
खाली सभागृहं, कर, टपालरस्ते,
आणि मध्येच एक अपूर्णांक :
'इतर सर्व व्यक्तीं'चे तीन पंचमांश.

क्वामिनोचा हात थबकतो.
एक शब्द त्याला पाठ आहे. दर बुधवारच्या अंकात
त्याच्या शेजारी लाकडी ठोकळ्यातला बोटभर माणूस पळत असतो,
खांद्यावर काठी, काठीला गाठोडं,
धरून देणाऱ्यास आठ डॉलर.
त्या ठोकळ्याच्या तोंडावर तो शाई जरा जास्तच थापतो,
चेहरा ओळखू येऊ नये म्हणून.

आज ठोकळा खणातच आहे.
तो शब्दही नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत
बोट फिरवलं, नाही.

"काय रे, अडलं कुठे?" ओबेड खोकत विचारतो.
"एक खिळा सैल वाटला."

ओबेडच्या छातीत कफ, म्हणून दांडाही आज यानेच ओढायचा.
दोन्ही हात लागतात त्याला,
पाठ लागते, टाच फरशीत रोवावी लागते.
अख्खा माणूस लागतो.

ओला कागद त्याने दोरीवर टाकला
आणि दुसरा घेतला.