नमुना क्रमांक चौदा

सहमच्या शेतांवरून एकतीस पिशव्या आल्यात
सोहारच्या प्रयोगशाळेत.
मी शंभर दाणे मोजते, तोलते,
मग पात्याने उभे चिरून बघते
आत काच किती, पीठ किती.

ऑगस्टअखेर पेरलेल्याला तुरा आला
तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला.
पराग सकाळी दहाच्या आत मेला,
केसर वाट बघत सुकलं.
कणसं आली ती बोळकी:
दोन दाणे, मग हिरडी, मग एक.

नोव्हेंबरच्या पेऱ्याने तोंड भरून दिलं.
पण युरिया सगळा आधीच ओतला तिथे
दाणा टपोरा आणि पिठूळ, नखाने भुगा होणारा.
अर्धा तुऱ्यासाठी राखला
तिथे पात्याला उलट बोलणारा.
आणि समुद्राकडच्या वाफ्यांत,
जिथलं विहिरीचं पाणी आता चहालाही चालत नाही,
दाणा चिमणाच, काहीही घाला.
खत हाका मारतं,
मीठ मुळांचे कान दाबून धरतं.

चौदा नंबर मात्र रांगेत बसेना.
तोच किनारा, तीच विहीर,
तरी जड, टणक.
प्रथिनं दहा पूर्णांक चार.
यंत्र पुसलं. पुन्हा लावलं.
दहा पूर्णांक चार.

फोन केला. मोजनू मियाँने उचलला,
मागून झायाना बाईंचा आवाज, अरबीत, घाईचा.
तो हसत म्हणाला,
"गाईंनी खाल्ली नाही ती सुकी मासळी, दीदी,
मालकिणीने चरात पुरली. वरून खजुरीच्या झावळ्या.
आम्हाला म्हणाली, लिहू नका, शहरातले हसतील."

मी वेंगुर्ल्याची. मला कसलं हसू?
आमच्या माडांनी जन्मभर मासळीवरच काढले दिवस,
आणि पाहुण्यांना शहाळी दिली गोड.

तक्त्यात रकाने चार: नत्र, स्फुरद, पालाश, इतर.
'इतर'मध्ये मी लिहिलं: पेडवे, सुके, सुमारे दोन टोपल्या.

साहेब म्हणाले, एका वाफ्यावरून काही ठरत नाही.
खरं आहे. नाही ठरत.
झावळ्यांनी ओल धरली असेल,
मीठ वर चढलं नसेल,
किंवा त्या कोपऱ्यात जमीनच जुनी, मुरलेली.
पुढच्या नोव्हेंबरसाठी चार वाफे मागितलेत.
उत्तर यायचंय.

दुपारी कुणी नसताना
चौदाची पिशवी उघडून हुंगली.
धूळ, थोडं ऊन, कोरडा मका.
मासळीचा मागमूसही नाही.
जेवून, तोंड पुसून आलेला.